रशियन मैत्रिणीच्या दाचावर पहिल्यांदा जाताना

रशियात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाची तिथल्या कुणाशी बऱ्यापैकी मैत्री जमली, की मे महिन्याच्या सुमारास एक वाक्य कानावर येतं, "शनिवारी आमच्या दाचावर चल." आपण शब्दकोश उघडतो. तिथे 'उन्हाळी बंगला' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि डोळ्यांपुढे हिरवळ, वेताच्या खुर्च्या, सरबताचे ग्लास उभे राहतात. मी त्वेरला वैद्यकीय शिकत होते तेव्हा पहिल्या खेपेला पांढरी पँट घालून गेले. ती पँट परत आली नाही. मैत्रिणीच्या आईने तिच्या चिंध्या करून टोमॅटोची रोपं काठ्यांना बांधली, आणि तोवर पँटची जी दशा झाली होती ती पाहता त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

म्हणून आधी माप सांगते. दाचाची जमीन 'सोत्का'त मोजतात. एक सोत्का म्हणजे 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास तेवढाच. सोव्हिएत काळात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, शहरातल्या कामगार-कर्मचाऱ्यांना भाजीपाला आणि फळझाडं लावायला शहराबाहेर जमिनीचे तुकडे दिले गेले. त्यांचं नेहमीचं माप होतं सहा सोत्का. सहा गुंठ्यांत एक लाकडी घर, एक काचघर, बटाट्याचे वाफे, चारदोन सफरचंदाची झाडं, बेरीची झुडपं, कोपऱ्यात संडास आणि जमलं तर बान्या, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली. जमीन कामाच्या ठिकाणाहून मिळायची, त्यामुळे जुन्या वसाहतींत शेजारीपाजारी एकाच कारखान्यातले निघतात. 'दाचा' हा शब्द मात्र त्याहून कितीतरी जुना. 'देणं' या क्रियापदावरून आलेला, म्हणजे दिलेली जमीन. मॉस्कोजवळच्या पेरेदेल्किनोसारख्या लेखकांच्या वसाहतीतली प्रशस्त दाचा वेगळी आणि तुमच्या मैत्रिणीच्या आजीचे सहा गुंठे वेगळे. तुम्हाला आमंत्रण बहुधा दुसऱ्या जातीच्या दाचाचं आहे.

मैत्रीण "आजीकडे गावाला" असं म्हणाली, तर ते दाचा नाही. ते खरंखुरं खेड्यातलं घर, भिंतीएवढी भट्टी असलेलं. तिथेही पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं, फक्त कोंबड्या जास्त.

कधीचं आमंत्रण आहे ते बघा

महिना कळला की काय काम पडणार ते कळतं. 1 मे आणि 9 मेच्या सुट्ट्या म्हणजे हंगामाचा नारळ फुटण्याचे दिवस. माती उकरायची, बटाटे लावायचे, संध्याकाळी शाश्लिक, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेले मांसाचे तुकडे. ऊन बघून फसू नका. मेच्या उत्तरार्धातही रात्री दहिवर गोठतं, आणि 'चेर्योमुखा' नावाचं पांढऱ्या फुलांचं झाड फुललं की थंडी परत येते असं प्रत्येक आजी सांगते. जूनअखेर ते जुलै स्ट्रॉबेरी, मग रासबेरी, मग काळे-लाल करंट. ऑगस्टमध्ये काकड्या आणि टोमॅटोंचा पूर. 19 ऑगस्टला 'याब्लोच्नी स्पास', सफरचंदांचा सण. जुन्या वळणाची माणसं त्याआधी नव्या हंगामाचं सफरचंद तोंडात घालत नाहीत. तेव्हा त्यांच्या झाडाखाली उभं राहून आधीच चावा घेऊ नका, विचारा. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात "बटाट्यांना ये" असं कुणी म्हणालं, तर ते जेवणाचं निमंत्रण नव्हे. बटाटे खणायला माणूस हवा आहे. जरूर जा. एका रविवारच्या खणणीने जी जवळीक होते ती वर्षभर वर्गात शेजारी बसून होत नाही.

मला विचाराल तर पहिल्या खेपेला ऑगस्ट उत्तम. डास कमी झालेले असतात, खायला भरपूर असतं आणि काम कमरेला झेपणारं असतं.

सोबत काय न्यायचं

मी नेली होती मोठ्या दुकानातून घेतलेली परदेशी स्ट्रॉबेरी जॅमची बाटली. मैत्रिणीच्या आईने ती दोन्ही हातांनी घेतली, मनापासून आभार मानले आणि थोड्या वेळाने मला तळघर दाखवायला नेलं. फळ्यांवर ओळीने काचेच्या बरण्या. स्ट्रॉबेरी, रासबेरी, गूजबेरी, तीन तीन लिटरच्या बरण्यांत काकड्या. त्या काही बोलल्या नाहीत. मलाच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेव्हा जॅम, लोणचं, भाजी, फळं यांतलं काही नको. चहा न्या. सोव्हिएत काळात 'हत्तीवाला चहा' म्हणजे भारतीय चहा, पाकिटावर हत्तीचं चित्र असलेला, आणि तो मिळवण्यासाठी बरीच खटपट करावी लागे. साठीच्या पुढच्या कुठल्याही रशियन माणसासमोर आसाम किंवा निलगिरीच्या चहाचं पाकीट ठेवा आणि चेहरा बघा. त्यानंतर राज कपूरचा किंवा मिथुनचा विषय निघेल, त्याचीही तयारी ठेवा. चहासोबत दुकानातला एखादा केक किंवा चॉकलेटांचा खोका. फुलं न्यायची असतील तर विषम संख्येत, तीन, पाच किंवा सात. सम संख्येची फुलं मयताला वाहतात. पण दाचावर फुलं नेणं म्हणजे नाशिकला द्राक्षं नेण्यासारखं, त्यामुळे ती शहरातल्या घरी जाल तेव्हासाठी ठेवा.

स्वतःसाठी पुढचं सामान. माती लागली तरी चालेल अशी पँट, पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट, जाड स्वेटर (जुलैतही रात्री लागतो), लांब मोजे, टोपी, डासांचं मलम, टॉर्च, टिश्यू, आंघोळीसाठी टॉवेल आणि रबरी चपला. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट नसले तरी चालतं. दाचावर गेल्या तीस वर्षांत कुणी ना कुणी घातलेले बूट रांगेने उभे असतात, त्यांतले एक तुम्हाला बसतात. पासपोर्ट, मायग्रेशन कार्ड आणि नोंदणीची चिठ्ठी जवळ असू द्या. वसतिगृहात रात्री येणार नसल्याचं आधी कळवून ठेवा. दोन दिवसांऐवजी दोन आठवडे राहायचा बेत असेल, तर पत्त्याच्या नोंदणीचं काय करायचं ते विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागात आधीच विचारा. हे नियम बदलत राहतात आणि 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर तिथे चालत नाही.

रोख रूबल घ्या. भारतीय बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड 2022 च्या मार्चपासून रशियात चालत नाहीत, आणि वसाहतीच्या फाटकाजवळच्या दुकानात स्थानिक कार्डाचं यंत्रही कधी चालतं, कधी नाही. अलीकडे बऱ्याच भागांत मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंद असतं, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घ्या आणि पत्ता कागदावर लिहून घ्या. दाचाचा पत्ता असा असतो, आधी बागकाम सोसायटीचं नाव (तिला 'एस-एन-टे' म्हणतात), मग गल्लीचा आकडा, मग प्लॉटचा आकडा. हे तिन्ही पाठ असू द्या. कधी 112 ला फोन करायची वेळ आली, तर 'हिरव्या कुंपणाचं घर' एवढ्यावर रुग्णवाहिका पोचत नाही. तिथे सगळ्यांचीच कुंपणं हिरवी.

एलेक्त्रिच्का

गाडीने नेणारं कुणी असेल तर शुक्रवारी संध्याकाळी निघताना आणि रविवारी संध्याकाळी परतताना शहराच्या वेशीवर अडकायची मानसिक तयारी करा. नसेल तर एलेक्त्रिच्का, म्हणजे आपली लोकल. लाकडी किंवा रेक्झिनची बाकडी, मधून फिरणारे विक्रेते, रोपांचे ट्रे मांडीवर घेतलेल्या बायका. कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला यात नवीन काही नाही, पण तीन गोष्टी नवख्याला नडतात.

पहिली, फलकावर कधीकधी गाडी कुठे थांबते ते न लिहिता 'क्रोमे' या शब्दापुढे नावं लिहिलेली असतात. 'क्रोमे' म्हणजे 'सोडून'. त्या नावांच्या ठिकाणी गाडी थांबत नाही. मी ती यादी थांब्यांची समजले आणि तीन थांबे पुढे जाऊन उतरले. दुसरी, लहान थांब्यांना बरेचदा नावच नसतं, किलोमीटरचा आकडा असतो. त्यामुळे 'सत्तेचाळिसाव्या किलोमीटरला उतर' हा पूर्ण पत्ता आहे, मैत्रीण थट्टा करत नाहीये. 'लास्तोच्का'सारख्या जलद गाड्या अशा ठिकाणी थांबत नाहीत. तिसरी, तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवा. मोठ्या स्थानकांवर बाहेर पडतानाही ते फिरत्या दांड्याला दाखवावं लागतं. खिडकीच नसलेल्या थांब्यावरून चढलात तर गाडीत येणाऱ्या तपासनीसाकडून तिकीट घ्यायचं. आणि रुळांच्या कामासाठी भर दुपारी दोन-तीन तास गाडीच नाही असंही होतं, म्हणून परतीची वेळ जातानाच बघून घ्या.

फाटकात शिरताना

आधी कुत्रा बांधलाय का ते बाहेरून ओरडून विचारा. मग उंबरठा ओलांडून आत जा आणि त्यानंतरच हात मिळवा, भेटवस्तू द्या. उंबरठ्याच्या अलीकडून पलीकडे हात मिळवला तर भांडण होतं अशी समजूत आहे. बूट काढायचे, 'तापच्की' म्हणजे घरातल्या सपाता पायात चढवायच्या. एवढं आपल्याला सांगावंही लागत नाही.

नावांचं मात्र सांगते. मैत्रिणीच्या आईवडिलांना आणि आजीला नुसत्या नावाने हाक मारायची नाही, आणि काका-काकूही म्हणायचं नाही. नाव आणि वडिलांचं नाव, असं जोडून म्हणायचं. वडील इव्हान असतील तर मुलगा इव्हानोविच, मुलगी इव्हानोव्हना. म्हणजे नीना इव्हानोव्हना, सेर्गेई इव्हानोविच. आपण मराठी माणसं आयुष्यभर फॉर्मवर मधलं नाव वडिलांचंच लिहीत आलो, तेव्हा ही पद्धत इतर भारतीयांपेक्षा आपल्याला लवकर जमायला हवी. मैत्रिणीला आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांची जोडनावं विचारा आणि तळहातावर लिहून न्या. मोठ्यांना 'वी' म्हणायचं, ते आपलं 'तुम्ही'. 'ती' म्हणजे तू. रशियन आजीला चुकून 'ती' म्हणालात तर ती हसेल, पण तिचा मुलगा हसेलच असं नाही. अनोळखी शेजारी कुंपणावरून डोकावले तर लगेच "झ्द्रास्त्वुयते" म्हणा. ते तुम्हाला बघायलाच आलेले असतात.

संडास आणि पाणी

हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. बऱ्याच जुन्या दाचांवर संडास प्लॉटच्या टोकाला, लाकडी खोपट्यात. आत भोक किंवा बादलीवरची बैठक, शेजारी लाकडाचा भुसा किंवा पीट (दलदलीतली कुजक्या पाल्याची माती) आणि एक फावडुली. झाल्यावर वरून भुसा टाकायचा. कागद खड्ड्यात टाकायचा की वेगळ्या डब्यात, हे मैत्रिणीला विचारा. आपल्याला पाणी लागतंच, त्यासाठी अर्ध्या लिटरची बाटली न्या आणि पाणी जपून वापरा. भुशाचा संडास पाणी पडलं की वास मारायला लागतो. रात्री टॉर्च आणि स्वेटर घेऊन जायचं. त्या पंधरा पावलांत मी आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ आकाश पाहिलं, तेही तक्रार करतच.

हात धुवायला भिंतीवर एक टाकी टांगलेली असते, 'रुकोमोयनिक'. नळ शोधू नका. खालून लोंबणारा खिळा तळहाताने वर ढकलला की पाणी येतं, सोडला की थांबतं. वसाहतीचं पाणी मे ते सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंतच असतं, आणि तेही बहुधा झाडांना घालायचं. प्यायचं पाणी कुठलं ते विचारल्याशिवाय पिऊ नका. विहीर असेल तर बादली सावकाश सोडा. माझ्या हातून दोर सुटला होता. बादली काढायला सबंध गल्ली जमली आणि पुढची सगळी वर्षं तिथे माझी ओळख 'बादलीवाली मुलगी' अशीच राहिली.

कामाला हात लावणं

इथे पाहुणा म्हणून बसून राहिलात तर कुणी काही बोलणार नाही, पण दिवसभर अवघडल्यासारखं होईल, कारण बाकी कुणीच बसलेलं नसतं. चहा झाला की "चेम पमोच?" म्हणा. काय मदत करू? पहिल्यांदा "काही नको, आराम कर" असं उत्तर येतं. दुसऱ्यांदा विचारलं की बादली हातात येते.

नवख्याला देतात ती कामं ठरलेली. बेरी तोडणं, झारीने पाणी घालणं, गाजराच्या वाफ्यातलं तण काढणं, बटाट्याच्या पानांवरचे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कोलोराडो भुंगे वेचून डब्यात टाकणं. तणाच्या बाबतीत आधी विचारा, काय ठेवायचं आणि काय उपटायचं. गाजराचा कोवळा पाला आणि शेपू एकमेकांच्या इतके जवळचे दिसतात, की मी अर्धा वाफा साफ केल्यावर आजीने माझ्या हातातली जुडी घेऊन शांतपणे ती जेवणात घातली. वाफ्यावर पाय देऊ नका, मधल्या फळीवरून चाला. काचघराचं दार जसं होतं तसंच ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. ते टोमॅटोंसाठी असतं.

शाश्लिकच्या शेगडीपाशी, म्हणजे 'मंगाल'पाशी, मात्र जाऊ नका. ते घरच्या वडिलांचं राज्य. लाकडं, निखारे, वारा घालायचा पुठ्ठा, सगळं त्यांच्या हातात. शेजारी उभं राहून वास छान येतोय म्हणणं एवढंच पाहुण्याचं काम. उन्हाळा कोरडा असेल तर आगीवर सरकारी बंदी लागते आणि मग शाश्लिक रद्द. त्याबद्दल हट्ट नको.

टेबलावर

शेपू आवडत नसेल तर बिकट प्रसंग आहे. 'उक्रोप' म्हणजे शेपू, आणि तो बटाट्यावर, सूपवर, काकडीवर, अंड्यावर, सगळ्यावर कच्चा चिरून पडतो. घरी शेपूची भाजी बघून ताटावरून उठणारा माझा भाऊ इथे दोन दिवस ब्रेडवर जगला असता.

शाकाहारी माणसाने आमंत्रण स्वीकारतानाच सांगावं, ताटावर बसल्यावर नाही. आणि नुसतं "मांस खात नाही" म्हणून भागत नाही. बऱ्याच घरांत कोंबडी आणि सॉसेज म्हणजे 'मांस' नव्हे, आणि बोर्श्च या बिटाच्या सूपमधले मांसाचे तुकडे बाजूला काढले की तो शाकाहारी झाला, असा प्रामाणिक समज असतो. म्हणून एकेक नाव घ्या, "बेझ म्यासा, बेझ कूरित्सी, बेझ रिबी", म्हणजे मांसाशिवाय, कोंबडीशिवाय, माशाशिवाय. आजीला समजावण्याची आणखी एक युक्ती. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाला 'पोस्त' म्हणतात आणि त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. "मी पोस्तात चालतं तसं खाते, वर दूधदही चालतं" असं म्हटलं की आजीला क्षणात कळतं. तिला तो स्वयंपाक येतो. 'शाकाहारी' हा शब्द तिला आजारासारखा वाटतो.

मग तुमच्या वाट्याला येतं ते असं. नवे बटाटे लोण्यात, 'ग्रेच्का' (उत्तर भारतात उपवासाला कुट्टू खातात, तेच दाणे भाताऐवजी शिजवलेले), 'त्वारोग' म्हणजे पनीरचा मोकळा भुगा, त्यावर 'स्मेताना' ही आंबट साय आणि जॅम, एका दिवसात मुरवलेल्या कमी मिठाच्या काकड्या, कोबीचे किंवा बटाट्याचे 'पिरोझ्की'. पिरोझ्की चावण्याआधी आत काय आहे ते विचारा. 'ओक्रोश्का' हे उन्हाळी थंड सूप, क्वासमध्ये (आंबवलेल्या ब्रेडचं पेय) किंवा केफिरमध्ये (ताकासारखं आंबवलेलं दूध) चिरलेल्या भाज्या, त्यात बहुधा सॉसेज असतं. ते वगळून वेगळा वाडगा काढायला आधी सांगा. 'खोलोदेत्स' हा थरथरणारा पारदर्शक पदार्थ जेली वाटतो. तो हाडांच्या रसाचा असतो, बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या. गोमांस टाळणाऱ्यांनी 'कोत्लेता'बद्दलही विचारावं, खिमा बरेचदा मिश्र असतो.

तुम्ही काही करून घालणार असाल तर जिऱ्याची बटाट्याची भाजी करा. बटाटे त्यांचे, जिरं तुमचं. मिरची वेगळ्या वाटीत.

दारू पीत नसाल तर पहिल्या ग्लासाच्या आधी, हसून, एकदाच आणि ठामपणे सांगा, "या न्ये प्यू." अर्धवट 'नको नको' म्हटलं की तो आग्रहाचा भाग समजला जातो, जसा आपल्याकडे श्रीखंडाच्या वेळी. मग ग्लासात 'कोम्पोत', म्हणजे उकळलेल्या फळांचं पाणी, घेऊन सगळ्यांबरोबर उचलायचं. कुणी बोलत असताना मधेच प्यायचं नाही, बोलणं संपलं की टेकवायचं. गेलेल्या माणसाच्या नावाने पितात तेव्हा ग्लास ग्लासाला टेकवत नाहीत, इतरांकडे बघून करा. क्वासमध्येही थोडं अल्कोहोल असतं, काटेकोर पथ्य असेल तर तो टाळा. रिकामी बाटली टेबलावर ठेवत नाहीत, खाली जमिनीवर ठेवतात. आणि घरात शिट्टी वाजवू नका, पैसा जातो म्हणे.

बान्या

शनिवारी संध्याकाळी बान्या तापते. दुपारपासून चिमणीतून धूर येतो आणि घरातल्या सगळ्यांचा मूड सुधारतो. बायकांची पाळी वेगळी, पुरुषांची वेगळी. आत घरच्या बायका विवस्त्र असतात. तुम्हाला अवघड वाटत असेल तर पोहण्याचा पोशाख घाला किंवा चादर गुंडाळा, कुणी काही म्हणत नाही.

आत जाण्यापूर्वी साखळी, कानातलं, अंगठ्या, मंगळसूत्र, सगळा धातू काढून बाहेर ठेवा. तापमान 60 ते 80 अंशांच्या घरात असतं, वर वाफ, आणि सोनं क्षणात चटका देतं. डोक्यावर लोकरीची टोपी घालतात. उन्हाळ्यात लोकरीची टोपी कशाला म्हणून हसू नका, डोकं तापू नये म्हणून ती असते. भरल्या पोटी जायचं नाही, पिऊन तर नाहीच. खालच्या फळीवर बसा, वरच्या फळीवर वाफ जास्त. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरेत. दगडांवर पाणी ओतायची हौस असेल तर विचारून, तेही डावभर. मग कुणीतरी भिजवलेला बर्चच्या फांद्यांचा जुडगा, 'वेनिक', हातात घेऊन तुम्हाला पालथं झोपायला सांगेल. तो मार नव्हे. पानांनी गरम वाफ अंगावर दाबतात, मधेच थोपटतात, आणि वास तर पावसात भिजलेल्या रानासारखा. डोळ्यांपुढे अंधारलं, छातीत धडधडलं तर लगेच बाहेर या, लाज धरू नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी बाहेर चहा पीत बसावं. भट्टीच्या झडपेला हात लावू नका. निखारे पूर्ण विझण्याआधी ती बंद झाली तर आत विषारी वायू कोंडतो, आणि त्याने माणसं दगावतात.

बाहेर आलं की सगळे म्हणतात "स ल्योख्किम पारम!", शब्दशः 'हलक्या वाफेच्या शुभेच्छा'. उत्तर फक्त "स्पासीबा". मग चहा, घट्ट कोऱ्या अर्कात उकळतं पाणी मिसळून केलेला, दुधाशिवाय, बाजूला बशीत जॅम. दूध मागितलंत तर मिळेल, पण त्या संध्याकाळी मागू नका. चव बघा.

तीन धोके

गोचीड. तिथे 'क्लेश्च' म्हणतात. एप्रिलपासून दिसते, मे-जूनमध्ये जोर. रशियाच्या मोठ्या भागात ती मेंदूज्वराचा विषाणू आणि लाइम आजार पसरवते. मेंदूज्वरावर लस आहे, ती हंगामाआधीच घ्यावी लागते. लाइमवर तिथे लस मिळत नाही, म्हणून काळजी दोघांचीही. गवतात जाताना पँट मोज्यांत खोचा, फिके कपडे घाला. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानांमागे, केसांच्या कडेला तपासा. चावलेलं कळत नाही. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश वर ओढा. तेल, तूप, पेटती काडी, काही नको. मग तिला डबीत घालून जवळच्या 'त्राव्मपुंक्त'मध्ये, म्हणजे अपघात कक्षात, त्याच दिवशी दाखवा.

बर्श्चेविक. रस्त्याच्या कडेला माणसाहून उंच, छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांचं झाड. सोव्हिएत काळात गुरांच्या चाऱ्यासाठी लावलं, आता आवरत नाही. फोटो काढायला जवळ जाऊ नका. रस अंगाला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात, तेही एखाद्या दिवसाने. लागलाच तर साबणाने धुवा आणि ती जागा दोन दिवस झाकून ठेवा.

अळंबी. आजीबरोबर जंगलात जा, आजी दाखवील तीच तोडा आणि आजीने टोपली तपासल्याशिवाय काही शिजवू नका. एवढंच.

निघताना

रविवारी दुपारी पिशव्या भरायला सुरुवात होते. नको म्हणून उपयोग नाही. ऑगस्टमध्ये तर शेजारीही कबाचकी, म्हणजे दुधीसारखे लांबट भोपळे, घेऊन येतात, कारण त्यांच्याकडेही मावत नसतात. काकड्या, सफरचंदं, जॅमच्या दोन बरण्या. घ्या. वसतिगृहात वाटा. कबाचकीची भाजी मूगडाळ घालून दुधीसारखीच होते, मुळीच वाया जात नाही.

अंथरूण घडी करून ठेवा, कचऱ्याची पिशवी फाटकापर्यंत न्या. निरोपाच्या वेळी सगळे अचानक गप्प होऊन बसतात. पायरीवर, खोक्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. "प्रिस्यादेम ना दरोश्कू", प्रवासाआधी बसूया. अर्धा मिनिट कुणी बोलत नाही. तुम्हीही बसा, मोबाइल खिशात. मग घरातलं थोरलं माणूस उठतं आणि सगळे उठतात. फाटकाबाहेर गेल्यावर काही विसरल्याचं आठवलं तर शक्यतो परत फिरू नका. फिरलातच तर निघताना आरशात बघून निघायचं असतं.

आणि बरण्या. मी पहिल्या दोन संपल्यावर कचऱ्यात टाकल्या. पुढच्या जुलैत गेले तेव्हा आजी स्ट्रॉबेरी निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "बान्की आणल्यास?" तिला झाकणासकट मोजून माहीत होत्या. तेव्हापासून माझ्या पलंगाखाली धुतलेल्या, उलट्या घालून वाळवलेल्या बरण्यांचा एक खोका कायम असायचा, आणि दाचावर जाताना चहाच्या पाकिटाआधी तो पिशवीत जायचा.